मुंबईचा पगार आणि आरे-वारेचा संसार

रत्नागिरीहून सागरी मार्गाने गणपतीपुळ्याकडे निघाले की आरे आणि वारे या गावांचे किनारे लागतात. सुट्टीच्या दिवसांत मुंबई-पुण्याच्या मोटारी येथे हमखास थांबतात. शहाळे विकणारा आणि शहाळे पिणारा यांच्यात चार शब्द होतात. "तुमचे बरे आहे, इथे खर्चच नाही," असे पाहुणा म्हणतो. "तुमचे बरे आहे, तिकडे पगार मोठा," असे विक्रेता म्हणतो. दोघेही मनापासून बोलत असतात, पण दोघांचाही हिशेब अर्धाच असतो. पाहुण्याला गावचे उत्पन्न दिसत नाही आणि विक्रेत्याला शहरातला खर्च दिसत नाही.

हा विषय गप्पांपुरता असता तर आम्ही त्यावर लिहिले नसते. परंतु दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत हाच अर्धा हिशेब मांडून आयुष्याचे निर्णय घेतले जातात. मुलाला मुंबईला पाठवावे का, नवविवाहित जोडप्याने विरार-नालासोपाऱ्याला बिऱ्हाड करावे का, कोल्हापूर जवळ पडेल का, की घरच्या कलमांवर आणि किनाऱ्यावरच्या व्यवसायावर भिस्त ठेवावी? पुणे धर्मप्रांतातून २००५ साली वेगळ्या झालेल्या आपल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात कोल्हापूरसारखे मोठे शहर आहे, रत्नागिरीसारखे नगरपरिषदेचे शहर आहे आणि आरे-वारेसारखी गावेही आहेत. त्यामुळे एकाच रुपयाची निरनिराळ्या ठिकाणची किंमत हा आपल्या घरचाच प्रश्न आहे.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने केलेल्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार महाराष्ट्रात ग्रामीण भागात दरडोई मासिक खर्च ४,१४५ रुपये, तर शहरी भागात ७,३६३ रुपये होता. चौघांच्या कुटुंबाचा हिशेब धरला तर गावात महिना साडेसोळा हजारांच्या आसपास आणि शहरात साडेएकोणतीस हजारांच्या आसपास खर्च होतो. म्हणजे शहरी माणूस ग्रामीण माणसापेक्षा सुमारे ७८ टक्के अधिक खर्च करतो. याच पाहणीनुसार देशभरात ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४७ टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४० टक्के रक्कम अन्नावर जाते.

हे आकडे मोलाचे आहेत. मात्र ते सावधपणे वाचले पाहिजेत. पहिली गोष्ट, 'शहरी महाराष्ट्र' या एकाच शब्दात सव्वा कोटी वस्तीची मुंबई येते आणि २०११ च्या जनगणनेत सुमारे ७६ हजार लोकसंख्या असलेली रत्नागिरीही येते. या दोहोंची सरासरी काढली तर ती दोघांनाही लागू पडत नाही. दुसरी गोष्ट, या पाहणीत प्रत्यक्ष दिलेले घरभाडे खर्चात धरले जाते, पण स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे न दिलेले भाडे धरले जात नाही. आरे गावातील कुटुंब आजोबांनी बांधलेल्या जांभ्या दगडाच्या घरात राहते. त्याचा खर्च कमी दिसतो, तो काही अंशी त्या घराच्या पुण्याईमुळे. विरारला भाड्याने राहणाऱ्याचा खर्च अधिक दिसतो, पण त्यातील मोठा वाटा घरमालकाकडे जातो. अधिक खर्च म्हणजे अधिक सुख, असे येथे म्हणता येत नाही.

राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्नही दिलेले असते. त्यात मुंबई, ठाणे आणि पुणे वरच्या स्थानांवर असतात, तर नंदुरबार, गडचिरोली, वाशीम हे जिल्हे तळाशी असतात. पण हे 'उत्पन्न' म्हणजे घरातल्या माणसांच्या हातात पडणारा पैसा नव्हे. जिल्ह्यात एका वर्षात झालेल्या एकूण उत्पादनाच्या मूल्याला लोकसंख्येने भागून तो आकडा काढतात. जयगडच्या औष्णिक वीजप्रकल्पात निर्माण होणाऱ्या विजेचे मूल्य रत्नागिरी जिल्ह्याच्या हिशेबात जमा होते, पण म्हणून ते पैसे आरे-वारेच्या घराघरांत पोहोचत नाहीत. उलट मुंबईला नोकरी करणारा मुलगा दरमहा आईच्या खात्यावर जे पैसे पाठवतो, ते रत्नागिरीच्या उत्पादनात मोजलेच जात नाहीत. ज्या कोकणाची अर्थव्यवस्था पिढ्यान् पिढ्या मनिऑर्डरवर चालली, त्या कोकणाचे मोजमाप करताना मनिऑर्डरच बाहेर राहते.

तिसरी गल्लत महागाईच्या निर्देशांकाची. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर अशा केंद्रांसाठी वेगवेगळा काढला जातो. समजा, एखाद्या महिन्यात सोलापूरचा आकडा मुंबईपेक्षा मोठा निघाला. यावरून सोलापूर मुंबईपेक्षा महाग आहे, असा निष्कर्ष काहीजण काढतात. तो चुकीचा आहे. २०१६ या पायाभूत वर्षी प्रत्येक केंद्राचा निर्देशांक १०० धरलेला आहे. त्यामुळे त्या शहरात तेव्हापासून भाव किती वाढले एवढेच तो सांगतो. एक शहर दुसऱ्यापेक्षा किती महाग आहे, हे सांगत नाही.

देशातील कुटुंबांच्या उत्पन्नाची पाहणी २०२६ मध्ये हाती घेण्याचे सांख्यिकी कार्यालयाने २०२५ साली जाहीर केले. इतकी वर्षे आपण खर्चावरूनच उत्पन्नाचा अंदाज बांधत आलो, यावरून हे मोजमाप किती अवघड आहे ते ध्यानात यावे.

शासनालाही फरक ठाऊक आहे

शहराशहरांतील खर्चाचा फरक शासन स्वतः मान्य करते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग केलेले आहेत. पन्नास लाखांहून अधिक वस्तीची शहरे पहिल्या वर्गात, पाच ते पन्नास लाखांची दुसऱ्या वर्गात आणि बाकी सारा देश तिसऱ्या वर्गात. महाराष्ट्रातून मुंबई आणि पुणे पहिल्या वर्गात आहेत. नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, अमरावती, वसई-विरार ही दुसऱ्या वर्गात आहेत. रत्नागिरी तिसऱ्या वर्गात. सातव्या वेतन आयोगानुसार जानेवारी २०२४ पासून हे भत्ते मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाले. १८,००० रुपये मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्यास मुंबईत ५,४०० रुपये, कोल्हापुरात ३,६०० रुपये आणि रत्नागिरीत १,८०० रुपये घरभाडे भत्ता मिळतो. काम तेच, वेतनश्रेणी तीच, केवळ छपराची किंमत वेगळी म्हणून भत्ता तिप्पट. अर्थात ५,४०० रुपयांत मुंबईत कोणते घर मिळते, हे मुंबईकर वाचकांनीच सांगावे.

राज्यातील किमान वेतन ठरवतानाही महापालिका क्षेत्र, नगरपरिषद क्षेत्र आणि उर्वरित भाग अशी परिमंडळे पाडण्याची रीत आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत दुर्बल घटकांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये होती. मुंबई महानगर प्रदेशापुरती ती २०२३ मध्ये सहा लाखांवर नेण्यात आली. तीन लाखांचे उत्पन्न असलेले कुटुंब मुंबईत ज्या अडचणीत असते त्या अडचणीत ते अन्यत्र नसते, हे त्यातून मान्य झाले.

पण हेच शहाणपण सर्वत्र लावले गेलेले नाही. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत दरमहा १,५०० रुपये देताना कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली गेली, ती साऱ्या राज्यासाठी एकच. धारावीतील बहिणीच्या १,५०० रुपयांत जे येते त्याहून अधिक वारे गावातील बहिणीच्या १,५०० रुपयांत येते; आणि अडीच लाखांची रेषा मुंबईत ओलांडणारे घर गावातल्या त्याच उत्पन्नाच्या घराहून पुष्कळदा अधिक ओढगस्तीत असते. शिधापत्रिकेवरील प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठरवण्यात आली. तेथे गाव आणि शहर यांत फरक केला, पण मुंबई आणि रत्नागिरी यांत नाही.

दोन घरांचा हिशेब

आता आपण प्रत्यक्ष संसाराकडे वळू. पुढील आकडे आम्ही केवळ उदाहरणादाखल मांडत आहोत. प्रत्येक घराचा तपशील वेगळा असणार. पती, पत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले असे एक कुटुंब घेऊ.

हे कुटुंब आरे येथे स्वतःच्या घरात राहते. पती रत्नागिरीत कामाला जातो, सुट्टीच्या हंगामात किनाऱ्यावर छोटा व्यवसाय करतो. बारा महिन्यांची सरासरी काढली तर महिना २२,००० रुपये पडतात. थोडे तांदूळ आणि नारळ घरचे असल्याने अन्नावर ९,००० रुपये, वीज, गॅस व फोन यांवर २,५००, प्रवासावर २,०००, शाळेवर २,५००, औषधपाण्यावर १,५००, कपडे व कार्यप्रसंगांवर १,५०० आणि पावसाळ्यापूर्वीच्या घरदुरुस्तीसाठी बाजूला काढलेले १,०००. एकूण २०,०००. शिल्लक २,०००.

तेच कुटुंब आता नालासोपाऱ्यास जाते. पतीला ४०,००० रुपये पगार मिळतो. गावात ही बातमी कळते तेव्हा उत्पन्न जवळजवळ दुप्पट झाले, असे सर्वजण म्हणतात. पण भाडे ११,०००, अन्न १३,०००, वीज, गॅस व फोन ३,५००, प्रवास २,५००, शाळा ४,०००, औषधे १,५००, कपडे व इतर २,०००. एकूण ३७,५००. शिल्लक २,५००. गावी वृद्ध आईवडिलांना दरमहा ३,००० रुपये पाठवायचे म्हटले तर महिनाअखेर ५०० रुपयांची तूटच येते. उत्पन्न १८,००० रुपयांनी वाढले आणि शिल्लक वजा झाली. शिवाय सुरुवातीला भरलेली अनामत रक्कम आणि लोकलमध्ये रोज जाणारे तीन-चार तास या हिशेबात आम्ही धरलेलेच नाहीत.

येथेच थांबून 'गावच बरा' असा निवाडा देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही, कारण हिशेबाचा आणखी एक भाग उरतो. शहरात पत्नीलाही बारमाही काम मिळण्याची शक्यता असते. तिने महिना १२,००० रुपये जरी मिळवले तरी तुटीच्या जागी ११,५०० रुपये शिल्लक राहतात. गावात तिला काम मिळते ते आंब्याच्या हंगामात, नाहीतर पर्यटकांच्या दिवसांत. शहराचे खरे आकर्षण एका मोठ्या पगारात नाही. एकाच घरात दोन पगार येऊ शकतात, यात ते आहे. जे कुटुंब एकाच पगारावर विसंबून शहरात जाते आणि ज्याच्या घरात लहान मूल किंवा आजारी माणूस असल्याने दुसरा पगार शक्य नसतो, त्याची फसगत होते.

गावच्या हिशेबातही एक छुपी बाजू आहे. येथील उत्पन्न महिन्यावर येत नाही, हंगामावर येते. हापूसचे पैसे मार्च ते मे या काळात येतात. यांत्रिकी नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि पावसाळ्यात किनाऱ्यावरचा पर्यटकही ओसरतो. म्हणून मे महिन्यातील भरलेला हात पाहून गावच्या उत्पन्नाचा अंदाज बांधणारा फसतो आणि जुलैतील रिकामा हात पाहून बांधणाराही फसतो. त्यातच काही गोष्टी गावात स्वस्त नसून महाग असतात. शहरात कोपऱ्यावर मिळणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांसाठी येथून कोल्हापूर वा मुंबई गाठावी लागे, तेव्हा तपासणीपेक्षा प्रवास आणि मुक्काम जड होई. रत्नागिरीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याने हा भार काही अंशी हलका होईल. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून निम्म्या तिकिटाची सवलत आहे, तर पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. गावच्या खर्चात या सवलती मोठ्या आहेत. परंतु जानेवारी २०२५ मध्ये भाडे सुमारे १५ टक्क्यांनी वाढले, तेव्हा रोज शहरात कामाला जाणाऱ्या पुरुषाला त्याची झळ पूर्ण लागली.

आणखी एक धोका आरे-वारेसारख्या गावांना विशेष आहे. किनारा प्रसिद्ध झाला की जमिनीला गिऱ्हाईक येते. वडिलोपार्जित जागा विकून हाती आलेली रक्कम उत्पन्नासारखी भासते, पण ती उत्पन्न नसते. ज्या घरामुळे आणि ज्या परसामुळे गावचा खर्च कमी होता, तेच विकले गेले की हे कुटुंब गावात राहूनही शहरी खर्चाचे धनी होते. उत्पन्न मात्र गावचेच राहते.

गेलेली माणसे

या अर्ध्या हिशेबांची बेरीज जनगणनेत दिसते. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्यात ८० हजारांहून अधिक माणसे घटली. दर हजार पुरुषांमागे येथे १,१२२ स्त्रिया होत्या. हे मुलींच्या जन्माचे कौतुक नव्हते, हे कर्ते पुरुष मुंबईला असल्याचे चिन्ह होते. १९८२ च्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले, तेव्हा कोकणातील असंख्य घरांच्या मनिऑर्डरी थांबल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, गाव जवळ आला. पण जवळ आलेल्या गावी लोक परतले ते सणांपुरते.

आपल्या लहान लहान धर्मग्रामांत याचा अर्थ आपण रविवारी प्रत्यक्ष पाहतो. मिस्साबलिदानाला वयोवृद्धांची उपस्थिती असते, गायनवृंदात तरुण आवाज उरत नाहीत, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायला शेजारी शोधावा लागतो. कुटुंबाच्या जमाखर्चात या गोष्टींना रकाना नाही. परंतु आईवडिलांची देखभाल, मुलांचा श्रद्धासंस्कार आणि शेजारधर्म यांचीही किंमत कोणीतरी मोजत असते.

ख्रिस्तसभेची शिकवण

पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. मालक आणि मजूर यांच्यात ठरलेली रक्कम ही आपोआप न्याय्य ठरत नाही, कामगाराला साधेपणाने का होईना पण नीट जगता यावे एवढे वेतन त्याला मिळालेच पाहिजे, असा त्या परिपत्रकाचा आग्रह होता. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' मध्ये वेतनाचा विचार संपूर्ण कुटुंबाच्या गरजेशी जोडला. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप महोदयांनी चौदावे लिओ हे नाव घेतले, तेव्हा तेराव्या लिओंच्या त्याच परिपत्रकाची आठवण त्यांनी स्वतः करून दिली.

या शिकवणुकीचा आजच्या विषयाशी थेट संबंध आहे. न्याय्य वेतन म्हणजे कागदावरचा आकडा नव्हे. त्या ठिकाणी, त्या भाड्यात, त्या बाजारभावात कुटुंब उभे राहते का, ही त्याची कसोटी आहे. प्रभू येशूच्या दृष्टांतातील द्राक्षमळ्याच्या मालकाने शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली. त्या मजुराच्या घरीही पूर्ण दिवसाची भूक होती, हे आपण विसरू नये.

आपण काय करावे?

पहिले, हिशेब पूर्ण मांडावा. बुरूज बांधण्यापूर्वी खाली बसून खर्चाची बेरीज करणाऱ्या माणसाचे उदाहरण लूकच्या शुभवर्तमानात प्रभूने दिले आहे. स्थलांतराचा निर्णय घेणाऱ्या प्रत्येक घराने एका महिन्याचा नव्हे, बारा महिन्यांचा जमाखर्च लिहून काढावा. त्यात भाडे, अनामत, प्रवासाचे तास, दुसऱ्या पगाराची खरोखरची शक्यता आणि मागे राहणाऱ्या आईवडिलांचा खर्च हे रकाने असावेत. धर्मग्रामातील बँकेत वा शाळेत काम केलेली निवृत्त मंडळी निकालाच्या दिवसांत एखादा रविवार या कामासाठी देऊ शकतील.

दुसरे, आपण स्वतः जे वेतन देतो त्याकडे पाहावे. चर्चमधील सेवक, शाळेतील तात्पुरते शिक्षक, आपल्या घरी धुणीभांडी करणारी भगिनी यांना आपण 'इथला दर' म्हणून जे देतो, त्यात त्यांचे घर चालते का? गाव स्वस्त आहे, हे कारण सांगून कमी पैसे देणारा आणि पर्यटकाला मात्र शहराचा भाव लावणारा आपल्यातच असू शकतो.

तिसरे, शहरातील नातेवाइकांविषयीचे आपले मत तपासावे. मुंबईहून येणाऱ्या भावाने सणाला मोठी देणगी द्यावी, घरदुरुस्तीचा सारा भार उचलावा, अशी आपण अपेक्षा करतो. त्याच्या हाती महिनाअखेर काय उरते, हे आपण विचारलेले नसते. त्याच्या अंगावर चांगले कपडे असतात आणि मनात हप्त्याची चिंता. शहरातील बंधुभगिनींनीही गावच्या भावाला 'तुला काय खर्च आहे' असे म्हणताना जून-जुलै आठवावा.

चौथे, गावातील धर्मग्राम आणि शहरातील धर्मग्राम यांचा धागा तुटू देऊ नये. तरुण शहरात निघाला की येथील धर्मगुरूंनी तेथील धर्मगुरूंना कळवावे. सुरक्षित राहण्याची जागा, खात्रीचे काम आणि रविवारची सोबत एवढे मिळाले तरी पहिले वर्ष निभावते. आणि जो परत येईल त्याला हरलेला समजू नये. पुष्कळदा त्याने फक्त पूर्ण हिशेब मांडलेला असतो.

आरे-वारेच्या रस्त्यावर शहाळ्याच्या गाडीपाशी यापुढेही तेच संवाद होत राहतील. पाहुण्याने दोन मिनिटे अधिक थांबून "पावसाळ्यात कसे भागते?" असे विचारावे, विक्रेत्याने "भाडे किती पडते?" असे विचारावे. दोन घरांची खरी तुलना त्या दोन प्रश्नांपासून सुरू होईल आणि एकमेकांविषयीची असूयाही थोडी कमी होईल. आपल्या कुटुंबांना योग्य निर्णयाची बुद्धी आणि एकमेकांचे ओझे ओळखण्याची दृष्टी प्रभू देवो.